बाईच्या हाताचं पिस्तूल

जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्यानं एक नवं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नाव ‘निर्भीक’. माप .32, वजन साधारण 500 ग्रॅम, अंग टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, किंमत 1,22,360 रुपये. दिल्लीत 16 डिसेंबर 2012 च्या रात्री जे घडलं, त्यानंतर सगळा देश त्या मुलीला ‘निर्भया’ म्हणत होता. कारखान्यानं त्याच अर्थाचं नाव निवडलं. भारतातलं खास स्त्रियांसाठीचं पहिलं रिव्हॉल्व्हर अशी त्याची ओळख करून दिली गेली. ते मिळायचं मखमल लावलेल्या मरून रंगाच्या पेटीत, आपल्याकडे सोन्याचा हार ठेवतात तशा.

त्या पेटीचा फोटो पाहिल्यापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळतोय. बाईच्या हाताला कुठलं पिस्तूल साजेल, हे ठरवतं कोण? आणि कशावरून?

मी शस्त्रांची अभ्यासक नाही. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि दोन वर्षांपासून शनिवार-रविवार एका क्लबच्या रेंजवर 10 मीटर एअर पिस्तूल चालवते. गाव मंठा, जालना जिल्हा. जालन्याहून वाटूर फाट्यावरून जिंतूरकडे जाताना लागतं ते. आमच्याकडे बंदूक म्हणजे पिकाच्या राखणीची बारा बोअर. ती असते मोठ्या शेतकऱ्याच्या घरात, भिंतीला टांगलेली, आणि तिला हात लावायचा तो घरातल्या कर्त्या पुरुषानं. बाईचा आणि बंदुकीचा संबंध दसऱ्याला पूजेत हळदकुंकू वाहण्यापुरता.

त्यामुळे मी पिस्तूल शिकतेय हे कळल्यावर घरी आधी हसू झालं, मग काळजी. गेल्या दिवाळीत पप्पा म्हणाले, “त्या छर्ऱ्याच्या पिस्तुलानं काय व्हतंय बाई? रात्री-बेरात्री कॅबनं येतीस. घ्यायचंच असलं तर लायसन काढून खरंखुरं घे की. लहानसं, पर्समध्ये मावंल असं.”

पप्पांच्या या वाक्यात लहानसं, पर्समध्ये मावेल असं आणि संरक्षणासाठी, अशा तीन गोष्टी आहेत. या तिन्ही गोष्टींना शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास बायकांनी लिहिलेला नाही.

पर्समध्ये मावेल असं

1902 मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीनं .22 मापाचं एक चिमुकलं रिव्हॉल्व्हर काढलं आणि त्याला ‘लेडीस्मिथ’ म्हटलं. ते 1921 पर्यंत बनत होतं. त्याच सुमारास युरोपात आणि अमेरिकेत कोटाच्या नाहीतर पर्सच्या खिशात जाणारी 6.35 मिलिमीटरची पिस्तुलं निघाली. त्याआधी थंडीत हात ऊबदार ठेवायला बायका जो लोकरी किंवा कातडी ‘मफ’ वापरत, त्यात लपणारी ‘मफ पिस्तुलं’ होती. या सगळ्यांमागचा विचार एकच होता. बाईचा हात लहान, तिची ताकद कमी, तेव्हा वस्तूही लहान हवी. शिंप्यानं पुरुषाचा सदरा आटवून बाईला द्यावा, तसं. नंतर 1980 चं दशक संपताना त्याच कंपनीनं ‘लेडीस्मिथ’ हे नाव परत बाहेर काढलं. ‘निर्भीक’ हा त्याच घराण्यातला, कानपूरला जन्मलेला मुलगा.

भारतात मात्र बाईनं पिस्तूल हातात घेण्याची गोष्ट दुकानातून सुरू झाली नाही. तसं होणं शक्यच नव्हतं.

ज्यांना निवड नव्हती

1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदुस्थानी माणसाच्या हातातलं शस्त्र काढून घ्यायला सुरुवात केली आणि 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरला आणि युरोपियनांना सूट मिळाली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत होते. पण कायदा टिकला आणि पिस्तूल ही चोरून आणायची वस्तू झाली.

1909 मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या सामानात लपवून 20 ब्राऊनिंग पिस्तुलं पाठवली. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राऊनिंगमधूनच. कान्हेरे शिकायला होते औरंगाबादला, म्हणजे आमच्याच मराठवाड्यात. त्या मुलाचं वय तेव्हा 18 च्या आसपास. त्यालाही निवड नव्हती. जे हातात आलं ते त्याचं पिस्तूल.

बायकांच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसतं. ऑक्टोबर 1930 मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोड पोलीस ठाण्याजवळ मोटारीतून गोळीबार झाला. सार्जंट टेलर आणि त्याची पत्नी जखमी झाले. गोळ्या झाडणाऱ्यांत दुर्गावती देवी वोहरा होत्या. भगतसिंगांना लाहोरहून पत्नीच्या वेषात सोबत करून बाहेर काढणाऱ्या, त्याच दुर्गाभाभी. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशीची शिक्षा सुनावली जाऊन काही दिवसच झाले होते.

पुढच्या वर्षी, 14 डिसेंबर 1931 ला, बंगालमधल्या कोमिल्ला इथे शांती घोष आणि सुनीती चौधरी या दोन शाळकरी मुली मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सच्या बंगल्यावर गेल्या. पोहण्याच्या स्पर्धेसाठीचा अर्ज घेऊन आलोय, असं त्यांनी सांगितलं. दोघींनी गोळ्या झाडल्या आणि स्टीव्हन्स जागीच मेला. वयं 15 आणि 14. या दोघींनी आधी डोंगरात जाऊन नेमबाजीचा सराव केला होता. त्या सरावाबद्दल एक गोष्ट सांगितली जाते आणि ती वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. सुनीतीचं पहिलं बोट चापापर्यंत पोचतच नव्हतं. तिचा हातच तेवढा लहान होता. मग तिनं मधल्या बोटानं चाप ओढायला शिकून घेतलं.

रेंजवर पहिल्या दिवशी प्रशिक्षक तुमच्या हातात पिस्तूल देतात तेव्हा सगळ्यात आधी हेच पाहतात. मूठ धरल्यावर पहिल्या बोटाचं शेवटचं पेर चापावर नीट बसतं का? बसत नसेल तर पिस्तूल बदलतात किंवा लहान मुठीचं देतात. सुनीतीसाठी ते बदलणारं कुणी नव्हतं. तिनं पिस्तुलाऐवजी बोट बदललं.

6 फेब्रुवारी 1932 ला कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास यांनी गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सनवर पाच गोळ्या झाडल्या. हा जॅक्सन कधीकाळी इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा कप्तान होता. एकही गोळी त्याला लागली नाही. रिव्हॉल्व्हर मिळवून दिलं होतं कमला दासगुप्ता यांनी. बीनाला नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला चितगावजवळच्या पहाडतळी युरोपियन क्लबवर छापा घालणाऱ्या तुकडीचं नेतृत्व प्रीतिलता वड्डेदार यांनी केलं.

शाळेत आपण ही नावं शौर्य म्हणून पाठ करतो. पण पिस्तूल चालवायला लागल्यापासून मला त्यांच्याकडे आणखी एका बाजूनंही पाहावंसं वाटतं. गच्च भरलेल्या सभागृहात, हात थरथरत असताना, मोजकी काडतुसं घेऊन चालत्या-हलत्या माणसावर नेम धरायचा. त्या पाच गोळ्या चुकल्या याचं मला आश्चर्य वाटत नाही. रेंजवर एसीमध्ये, दहा मीटरवरच्या न हलणाऱ्या कागदावर, कुणीही जिवावर उठलेलं नसताना माझे छर्रे चुकतात.

आमच्याकडची बंदूक

मराठवाड्यात हा इतिहास वेगळ्या रस्त्यानं आला. आम्ही इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हतो, निजामाच्या संस्थानात होतो. 15 ऑगस्ट 1947 ला उरलेला देश झेंडे लावत होता तेव्हा मंठा, परतूर, जालना या सगळ्या भागात लढाई अजून बाकी होती. पुढचं वर्षभर कासीम रझवीच्या रझाकारांनी खेडोपाडी जो धुमाकूळ घातला, त्याच्या गोष्टी आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकायला मिळायच्या. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि 17 सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. म्हणून आमचा झेंडा वर्षातून एकदा जास्तीचा चढतो.

या लढ्यात जालना जिल्ह्याचीच एक बाई होती. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. शाळेची पायरीही न चढलेली ही शेतकऱ्याच्या घरातली बाई शस्त्र चालवायला शिकली, बॉम्ब-बंदुका इकडून तिकडे पोचवल्या आणि रझाकारांविरुद्धच्या कारवायांत उतरली. लोक तिला मराठवाड्याची झाशीची राणी म्हणत. माझ्या पिढीतल्या किती जणांना हे नाव माहीत आहे? आठवी-नववीत मला बंगालच्या मुलींची नावं पाठ होती, आमच्याच जिल्ह्यातल्या दगडाबाईंचं नव्हतं.

दुर्गाभाभी, सुनीती, बीना, दगडाबाई यांच्यात एक गोष्ट समान आहे. बाईसाठी बनवलेलं शस्त्र यांतल्या कुणालाही कुणी दिलं नाही. जे होतं ते त्यांनी आपल्या हाताला लावून घेतलं. दुसरी समान गोष्ट म्हणजे त्या एकट्या नव्हत्या. प्रत्येकीमागे संघटना होती, शिकवणारं कुणीतरी होतं, शस्त्र आणून देणारं कुणीतरी होतं. पर्समध्ये एकटं पडलेलं पिस्तूल ही कल्पना त्यांच्या गोष्टीत कुठेच बसत नाही.

स्वातंत्र्यानंतरचं .32

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा 1959 चा. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. युरोपियन-हिंदुस्थानी हा भेद गेला, परवाना मात्र राहिला. सैन्य आणि पोलीस वापरतात ती 9 मिलिमीटरसारखी मापं सामान्य नागरिकाला बंद. नागरिकाच्या वाट्याला हातातल्या शस्त्रांत मुख्यतः .32 आणि .22 आलं. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी आयात जवळजवळ थांबली, नामांकित खेळाडूंचा अपवाद वगळता. त्यामुळे दुकानात उरलं ते सरकारी कारखान्यांचं. त्यातलं .32 रिव्हॉल्व्हर हे इंग्रजांच्या वेब्ली अँड स्कॉटच्या जुन्या नमुन्यावर बेतलेलं, वजन पाऊण किलोच्या आसपास.

‘निर्भीक’ आलं ते या पाऊण किलोच्या रिव्हॉल्व्हरशेजारी. जाहिरातीचा सगळा जोर हलकेपणावर होता. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यानं ‘निडर’ नावाचं .22 चं रिव्हॉल्व्हर काढलं. ते तर साधारण 250 ग्रॅमचं, ‘निर्भीक’च्या निम्मं.

हलकं म्हणजे बाईला सोपं, हे इतकं उघड वाटतं की कुणी तपासून पाहत नाही. मी इंजिनियर आहे, म्हणून कागद-पेन घेऊन बसले.

बारावीच्या फिजिक्समधला संवेग अक्षय्यतेचा नियम आठवा. गोळी पुढे जाते तेवढ्याच संवेगानं पिस्तूल मागे येतं. .32 रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण सव्वासहा ग्रॅमची आणि वेग सेकंदाला 220 मीटरच्या आसपास धरू. दारूच्या वायूंचा हिशोब सोडून दिला तर 750 ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर सेकंदाला पावणेदोन ते दोन मीटर वेगानं मागे येईल आणि 500 ग्रॅमचं पावणेतीनच्या आसपास. हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. म्हणजे ‘बाईसाठी’ म्हणून वजन जेवढं कमी केलं, तेवढाच दणका वाढला. आता स्पर्धेतलं .22 चं पिस्तूल घ्या. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, पिस्तूल एक किलोच्या वर. धक्क्याची ऊर्जा ‘निर्भीक’च्या सातव्या हिश्श्याच्या आसपास येते.

लहानपणाचा दुसरा तोटा नेमाचा. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या खुणेत दहा सेंटिमीटर अंतर असेल आणि त्या एक मिलिमीटरनं चुकल्या, तर दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. स्पर्धेच्या पिस्तुलात हे अंतर बावीस सेंटिमीटरपर्यंत असतं, आणि तीच चूक साडेचार सेंटिमीटरवर येते. तिसरा मुद्दा चापाचा. रिव्हॉल्व्हर घोडा न चढवता थेट चालवायचं तर चापावर काही किलोंचा जोर द्यावा लागतो. तो जोर देताना नवख्याचा सगळा हात हलतो. 25 मीटर स्पर्धेच्या पिस्तुलात चाप एक किलोवर सुटला तरी चालतो, एअर पिस्तुलात अर्ध्या किलोवर.

थोडक्यात, लहान आणि हलकं पिस्तूल बाळगायला सोपं असतं, चालवायला अवघड. ते तज्ज्ञाच्या हातातलं शस्त्र आहे. नवशिक्या बाईला तेच पहिलं म्हणून देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्या पोरीला एकदम गोदावरीच्या पुरात सोडणं. शंभर वर्षं ‘लेडी’ शिक्का मारून जे विकलं गेलं, त्यात विकत घेणाऱ्याच्या मनातलं बाईचं चित्र होतं. बाईच्या हाताचं माप त्यात नव्हतं.

कुणापासून संरक्षण?

हे झालं यंत्राचं. पण पप्पांचा खरा मुद्दा वेगळा होता, रात्रीच्या कॅबचा. त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. रात्री साडेअकराला एकटीनं प्रवास करणाऱ्या कुठल्याही मुलीला मोबाईलवर लोकेशन कुणाला पाठवायचं हे पाठ असतं.

तरी आकडे काय सांगतात ते पाहावं लागतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसते. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 18 ते 49 वयाच्या विवाहित किंवा कधीतरी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी 29.3 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून झालेला हिंसाचार सांगितला. म्हणजे धोका ज्या घरात आहे, त्याच घराच्या कपाटात ते पिस्तूल ठेवलं जाणार. आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत यावर मोठं काम झालं आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅलिफोर्नियातल्या 1 कोटी 76 लाख प्रौढांच्या अभ्यासात स्वतःकडे पिस्तूल नसलेल्या, पण पिस्तूलधारकासोबत राहणाऱ्या माणसांची पाहणी केली. जोडीदाराच्या गोळीनं मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सातपट आढळलं. अशा मृत्यूंत बळी पडलेल्यांपैकी बहुतेक स्त्रिया होत्या. आपला समाज वेगळा आहे, परवाने कमी आहेत, आकडे जसेच्या तसे इकडे लागू होणार नाहीत. पण ‘घरात पिस्तूल आलं की बाई सुरक्षित झाली’ हे गृहीत तिथे, जिथे पिस्तुलं रेशनसारखी मिळतात, तिथेही टिकलं नाही.

‘निर्भीक’ आलं तेव्हा मणिपूरच्या बिनालक्ष्मी नेप्रम यांनी त्यावर कडक टीका केली होती. बंदुकीच्या हिंसेत नवरे-मुलगे गमावलेल्या बायकांबरोबर त्या काम करतात. बाईच्या सुरक्षेची जबाबदारी सरकारनं घ्यायची, की तिनंच सव्वा लाख खर्चून घ्यायची, हा त्यांच्या टीकेमागचा प्रश्न मला आजही बरोबर वाटतो. सव्वा लाखात आमच्या मंठ्याकडच्या कापूस वेचणाऱ्या बाईची वर्षभराची मजुरी जाईल. तिची रात्रीची भीती कुठल्याच मखमली पेटीत मावत नाही.

मी पप्पांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग शिकायलीस कशाला?” तो प्रश्न बरोबर होता.

कागदावरचं वर्तुळ

शिकायचं कारण मला कोल्हापूरनं दिलं.

ऑलिंपिकमध्ये नेमबाजी 1896 पासून आहे. पण स्त्रियांसाठी वेगळी पिस्तूल स्पर्धा यायला 1984 उजाडलं. लॉस एंजेलिसमध्ये 25 मीटर स्पोर्ट पिस्तुलाचं पहिलं सुवर्ण कॅनडाच्या लिंडा थॉम यांनी जिंकलं. 1988 ला सोलमध्ये स्त्रियांचं 10 मीटर एअर पिस्तूल आलं. 1992 मध्ये बार्सिलोनात स्कीट हा शॉटगनचा प्रकार स्त्री-पुरुष एकत्र होता आणि चीनच्या झांग शान यांनी पुरुषांना मागे टाकून सुवर्ण घेतलं. पुढच्या ऑलिंपिकला स्कीट फक्त पुरुषांची ठेवली गेली. स्त्रियांची स्कीट आली ती थेट 2000 मध्ये. एअर पिस्तुलात तर 2018 पर्यंत पुरुषांना 60 आणि बायकांना 40 शॉट होते. बाईचा हात साठ वेळा वर जाऊ शकतो हे मान्य करायला एवढी वर्षं लागली.

याच काळात कोल्हापूरच्या एका शाळेतून दोन मुली बाहेर पडल्या. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. त्याच शाळेत त्यांच्यामागून आलेल्या राही सरनोबत यांनी पिस्तूल धरलं. 2013 मध्ये कोरियातल्या चांगवॉनला त्यांनी 25 मीटर पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं. पिस्तुलात असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. मग कोपराच्या दुखापतीत काही काळ गेला. ऑगस्ट 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत त्या आणि थायलंडची नफस्वान यांगपाईबून 34-34 वर थांबल्या. पहिल्या शूट-ऑफमध्येही बरोबरी. दुसऱ्यात राही एका गुणानं पुढे. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या.

ती अंतिम फेरी मी हॉस्टेलमध्ये मोबाईलवर पाहिली होती. घाबरलेली बाई पर्समधून पिस्तूल काढते, हे चित्र मी सिनेमात शंभरदा पाहिलं होतं. श्वास खाली सोडून, हात खांद्याच्या रेषेत आणून, कुणाचाही राग न धरता चाप दाबणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. त्यात कुणी मरत नव्हतं, कुणी वाचत नव्हतं. एक बाई आपलं काम उत्तम करत होती, बस्स.

तर मग पहिलं कोणतं?

हा लेख वाचणाऱ्या एखाद्या मुलीला खरंच शिकायचं असेल, तर इतका इतिहास सांगून मी तिला रिकाम्या हातानं पाठवणार नाही.

पहिलं पिस्तूल विकत घेऊ नकोस. क्लबचं वापर. सुरुवात 4.5 मिलिमीटरच्या एअर पिस्तुलानं कर. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार .177 पर्यंतच्या मापाच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या हवेच्या शस्त्रांना परवाना लागत नाही. धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे चूक झाली की ती धक्क्याच्या नावावर खपवता येत नाही. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. 75 मिनिटांत 60 शॉट. पहिले काही महिने तर बरेचदा छर्रा न भरता, नुसतं पांढऱ्या भिंतीकडे पाहून चाप ओढायला लावतात. कंटाळा येतो. येऊ दे.

दोन-तीन पिस्तुलं धरून बघ. मूठ हाताला भरते का, मनगट सरळ राहतं का, पहिलं बोट चापावर सहज बसतं का, हे बघ. मोरिनी, स्टायर, पार्डिनी, वॉल्थर या कंपन्यांच्या पिस्तुलांच्या मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापात येतात आणि लाकूड तासून, पुट्टी लावून ती आपल्या हाताची करता येते. वजनाला भिऊ नकोस. नियमानं एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, बहुतेक एक किलोच्या आसपास असतात. पहिल्या महिन्यात खांदा भरून येतो, तिसऱ्या महिन्यात तेच वजन नळी स्थिर ठेवतं. चांगलं आयातीचं पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जातं, म्हणून वर्षभर तरी थांब. महागडं यंत्रही दगा देऊ शकतं. टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं होतं. तीन वर्षांनी पॅरिसला त्याच 10 मीटर प्रकारात तिनं कांस्य जिंकलं.

.22 कडे जायचं तर परवाना लागेल. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे मंठ्याच्या मुलीसाठी जालन्याच्या कलेक्टर कचेरीत. पोलीस पडताळणी, आरोग्याचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हे सगळं आलं. हा रस्ता लांब आहे आणि तो लांब आहे हेच बरं आहे.

आणि कुणी ‘लेडीज पिस्तूल’ म्हणून काही पुढे केलं, तर एकच विचार. हे माझ्या हाताच्या मापाचं आहे, की तुमच्या मनातल्या माझ्या चित्राच्या मापाचं?

कोल्हापुरात दोन मुली निघाल्या, कारण तिथे रेंज होती, शिकवणारे होते, आणि पहिली पुढे गेल्यावर दुसरीला रस्ता दिसला. मंठ्यात वाढताना मी एकही रेंज पाहिली नाही. एअर पिस्तुलाच्या रेंजला दहा मीटरची एक बंद खोली, सुरक्षित भिंत, चार कागदी लक्ष्यं आणि शिकवणारं एक माणूस लागतं. तालुक्याच्या एखाद्या शाळेत एवढी जागा निघेल. शस्त्राची पूजा आपण बायकांकडून पिढ्यान्‌पिढ्या करून घेतली आहे. आता तिथल्या एखाद्या पोरीला हळदकुंकवाच्या ताटाआधी चष्मा, कानावरचे मफ आणि तिच्या बोटाला पोचणारा चाप मिळायला हवा.